हरल्यावर तुम्ही काय करता? कॅज्युअल-हार्डकोरच्या गोंधळात नव्याने शिरणाऱ्यांसाठी

तीन वर्षांपूर्वी गणपतीत भावाकडे जमलो होतो. आरती झाली, मोदक झाले, सगळे पांगले. मी कोपऱ्यात बसून फोनवर कँडी क्रश उघडलं. भाच्याने खांद्यावरून डोकावून पाहिलं. "आत्या, कितवी लेव्हल?" म्हटलं, चौदाशे बारा. तो खो-खो हसला. "एवढा वेळ खऱ्या गेमला दिला असतास ना, तर आत्तापर्यंत गेमर झाली असतीस!"

चौदाशे लेव्हल पार करणारी बाई गेमर नाही, आणि बारावीचा अभ्यास सोडून रात्री दोनपर्यंत हेडफोन लावून ओरडणारा हा पोरगा मात्र गेमर. पटलं नाही, पण टोचलं. तेव्हापासून मी त्याचे 'खरे' गेमही खेळले. काहींत रमले, काही अर्ध्यात टाकले, थोडे पैसे पाण्यात घातले. तुम्हीही फोनवरच्या गेमपलीकडे जायचं म्हणत असाल, किंवा घरातली पोरं वापरतात ते शब्द नुसते समजून घ्यायचे असतील, तर पुढच्या पायऱ्या माझ्या चुकांमधून आलेल्या आहेत. मी तज्ज्ञ वगैरे नाही. डोंबिवलीहून फोर्टला नोकरीला जाते आणि उरलेल्या वेळात खेळते.

१. आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

'कॅज्युअल' म्हणजे हलकाफुलका, 'हार्डकोर' म्हणजे त्याच्या उलट. पण 'हार्डकोर' हा एकच शब्द लोक तीन अर्थांनी वापरतात, आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. कधी त्यांना म्हणायचं असतं की गेम अवघड आहे. कधी म्हणायचं असतं की गेम एका बैठकीत फार वेळ मागतो. आणि कधी गेमचा काही संबंधच नसतो, खेळणारा इरेला पेटलेला असतो.

टेट्रिसच घ्या. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव्ह यांनी तो तयार केला. माझी आई तो भाजी शिजेपर्यंत खेळते, इतका साधा. पण निन्टेंडो या जपानी कंपनीच्या, टीव्हीला जोडून खेळायच्या १९८९ च्या आवृत्तीत २९ व्या लेव्हलला ठोकळे असे कोसळतात, की माणसाचा खेळ इथेच संपतो असं लोक अनेक वर्षं धरून चालले होते. मग खेळणाऱ्यांनी बटण दाबायच्या नव्या पद्धती शोधल्या. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतला १३ वर्षांचा एक मुलगा १५७ व्या लेव्हलपर्यंत पोचला आणि तिथे गेमच गोठला. माणसाने त्या गेमला हरवलं, असं तेव्हा पहिल्यांदा म्हणता आलं. आता टेट्रिस कॅज्युअल की हार्डकोर? माझ्या आईला विचाराल तर एक उत्तर, त्या पोराला विचाराल तर दुसरं.

तेव्हा कुणी "तो कॅज्युअल गेम आहे" म्हणालं, की मनात विचारा: अवघडपणाबद्दल बोलतोय, वेळेबद्दल, की खेळणाऱ्याबद्दल? निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

टिंगल मात्र जुनीच आहे. १९९२ च्या वुल्फेन्स्टाइन थ्रीडी या बंदुकीच्या गेममध्ये सगळ्यात सोप्या पातळीचं नाव होतं 'बाबा, मी खेळू का?' आणि शेजारी नायकाचं चित्र, डोक्याला टोपरं, तोंडात चोखणी. सोपं निवडणारा म्हणजे तान्हं बाळ! पुढे २००६ मध्ये निन्टेंडोचा 'वी' हा टीव्हीला जोडायचा गेमचा संच आला. हात हलवून टेनिस खेळायचं, आजी-आजोबाही उभे राहून खेळले. 'हा काय गेम' म्हणणाऱ्यांचीही तेव्हा कमी नव्हती, पण वी दहा कोटींहून जास्त विकला गेला. आपल्याकडे २०२० च्या टाळेबंदीत अख्खी घरं लुडो किंग खेळत होती. हा गेम नवी मुंबईतल्या कंपनीचा. पण त्या खेळणाऱ्यांना गेमर कोण म्हणतं?

२. तुमचा सलग वेळ मोजा

रोज किती वेळ मिळतो ते मोजू नका. कुणी हाक न मारता सलग किती वेळ मिळतो ते मोजा. दोन्हींत फार फरक आहे.

माझा दिवसातला सगळ्यात मोठा मोकळा वेळ लोकलमध्ये. जाताना तासभर, येताना तासभर. पण तो सलग नाही. चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकलेलं, ठाण्याला गर्दीचा लोंढा, कुणीतरी "जरा सरका ना" म्हणणार, घाटकोपरला उतरणारीला वाट द्यायची. तिथे चालतो तो असा गेम, जो दोन मिनिटांत संपतो, एका अंगठ्याने खेळता येतो, नेटवर्क गेलं तरी अडत नाही आणि फोन खिशात टाकला तरी रुसत नाही. अशा खेळांना 'हलके' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा आठ सत्तावन्नच्या गाडीत कंट्रोलर (दोन्ही हातांनी धरायचं बटणांचं यंत्र) घेऊन उभं राहून दाखवावं.

साधारण हिशेब असा:

- कँडी क्रशची एक लेव्हल: दोन-तीन मिनिटं.
- स्टारड्यू व्हॅलीतला शेतावरचा एक दिवस: साधारण १४ मिनिटं. झोपायला गेल्यावरच गेम सेव्ह होतो, म्हणून "एवढा दिवस संपवते आणि उठते" करता करता मध्यरात्र होते. दिसायला गोग्गोड आहे, वेळ खाण्यात कुणाला ऐकत नाही.
- व्हॅलोरंटचा एक सामना: ३० ते ४० मिनिटं. पाच विरुद्ध पाच, आधी १३ फेऱ्या जिंकेल तो संघ. मधून उठलात तर चार साथीदार तुमच्या नावाने शंख करणार, आणि वारंवार उठलात तर गेमही काही काळ खेळू देत नाही.
- एल्डन रिंग: एकट्याने खेळत असाल तरी नेहमीसारखं 'पॉज' बटण नाही. दाराची बेल वाजली, तुम्ही उठलात, परत येईपर्यंत मेलेले. उपाय एवढाच, की मेनूतून बाहेर पडायचं. पुन्हा उघडलात की साधारण होतात तिथेच उभे असता.

घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, तर पॉज न होणारे आणि संघाचे गेम सध्या बाजूला ठेवा. कौशल्याचा प्रश्नच नाही, कुकरच्या शिट्टीचा आहे. मला वाटतं हार्डकोर आणि कॅज्युअल यांच्यातली खरी दरी इथेच आहे, आणि ती बऱ्याचदा घरात कुणाच्या वेळेला किंमत आहे यावरून ठरते. लहानपणी टीव्हीला जोडायच्या गेमवर आम्ही काँट्रा खेळायचो. वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, मग बी, ए. तीस जीव मिळायचे. तो क्रम माझ्या बोटांत अजून आहे. पण पहिला कंट्रोलर नेहमी दादाकडे, आणि "अगं, पानं घे" ही हाक नेहमी मला. पुढे तो सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळत तास-तास बसला. मी नाही.

३. पाच वेळा हरून बघा

सगळ्यात कामाची पायरी ही. कुठलाही एक फुकट गेम घ्या, पाच वेळा हरा आणि हरल्यानंतर तुमचा हात काय करतो ते पाहा.

माझ्यावर आलं ते सांगते. भाच्याने त्याचा जुना प्लेस्टेशन दिला, त्यात एल्डन रिंग. २०२२ चा, जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरचा. सुरुवातीच्या अंधाऱ्या गुहेतून दार ढकलून बाहेर आलं, की समोर हिरवंगार माळरान आणि लांबवर सोनेरी प्रकाशाचं अवाढव्य झाड. थोडं पुढे सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार हळूहळू फेऱ्या मारतोय. पहिलाच शत्रू दिसला म्हणजे मारायचा असणार, असं धरून मी गेले. दोन सेकंदांत पडदा काळा, लाल अक्षरांत 'तू मेलास'.

अकरा वेळा मेले. दर वेळी तोंडातून एकच: "काय फालतू गेम आहे!" भाचा शेजारी वेफर्स खात बसला होता. अकराव्या वेळी त्याने विचारलं, "आत्या, कशाने मेलीस?"

मला सांगता येईना. अकरा वेळा मेले आणि एकदाही नीट बघितलं नव्हतं.

"आता मारूच नकोस. नुसती बघ."

पुढच्या पाच वेळा मी फक्त पाहिलं. तो भाला वर उचलतो आणि तसाच धरून ठेवतो, अगदी एक श्वासभर. मी भाला वर गेला रे गेला की घाबरून लोळण घ्यायचे. लोळण संपून उभी राहते, तेव्हा वार खाली येतो. त्याला माझी घाई माहीत होती! भाला वर असताना थांबायचं आणि खाली निघाला की लोळायचं, हे कळल्यावर पहिल्यांदा मी वीस सेकंद जगले. हात घामेजले होते. त्या वीस सेकंदांचा आनंद चौदाशे लेव्हलमध्ये कधी मिळाला नव्हता, हे कबूल करते.

मग भाचा म्हणाला, "बाय द वे, त्याला आत्ता मारायची गरजच नाही. बाजूने जाता येतं. पुढे घोडा मिळतो, ताकद वाढते, मग परत ये." मी उशी फेकून मारली.

तर चाचणी अशी. हरल्यावर "कशाने हरले?" हा प्रश्न आपोआप पडत असेल आणि तो सोडवण्यात मजा येत असेल, तर हार्डकोर म्हणतात त्या प्रकारचे गेम तुम्हाला आवडतील, वय आणि अनुभव काहीही असो. हरल्यावर "जाऊ दे, डोकं शांत करायला बसलेय" असं वाटत असेल तर तेही तितकंच खरं आहे, आणि त्यासाठी केलेले उत्तम गेम आहेत. कँडी क्रशमध्ये हरण्याला फार अर्थ नसतो. पुष्कळदा वरून कोणत्या गोळ्या पडल्या यावर लेव्हल सुटते. एल्डन रिंगमध्ये बहुतेक वेळा चूक शोधली तर सापडते. म्हणून एक खेळून मन मोकळं होतं, दुसरा खेळून मन गुंततं. आणि एकाच माणसाला सोमवारी एक हवं असतं, शनिवारी दुसरं.

४. साहित्य जमवा, पण एकदम नको

सुरुवातीला लागतं ते एवढंच:

- घरात आहे तो फोन किंवा लॅपटॉप. नवीन काही घेऊ नका.
- रिकामी जागा. स्टारड्यू व्हॅलीला साधारण अर्धा जीबी, सेलेस्टला (याबद्दल पुढे सांगते) सव्वा जीबीच्या आसपास, एल्डन रिंगला पीसीवर ६० जीबी. मोबाइल डेटावर शेवटचा डाउनलोड करायला बसू नका.
- यूपीआय. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात रुपयांत आणि यूपीआयने पैसे भरता येतात.
- कंट्रोलर, पण दुसऱ्या महिन्यात. बरा कंट्रोलर दीड-दोन हजारांपासून मिळतो.
- तारेचे हेडफोन. स्वस्त ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा येतो आणि तेवढ्यात तुम्ही मेलेले असता.
- वही-पेन. हसू नका, पुढे सांगते.

लॅपटॉपवर गेम चालेल का हे घेण्याआधी तपासा. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत 'dxdiag' लिहा, एंटर मारा. किती रॅम आहे ते पहिल्या पानावर आणि ग्राफिक्स कार्डाचं नाव 'डिस्प्ले'च्या पानावर दिसतं. ते गेमच्या पानावर खाली दिलेल्या किमान गरजांशी ताडून पाहा. एल्डन रिंगला किमान १२ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०६० च्या तोडीचं कार्ड लागतं. ऑफिसच्या कामाच्या साध्या लॅपटॉपवर ते नसतं. सेलेस्ट आणि स्टारड्यूसारखे गेम मात्र जुन्या लॅपटॉपवरही झकास चालतात.

मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तपकीर गल्लीत खरेदीला जाणार असाल, तर कंट्रोलर दुकानातच जोडून बघा. नावाजलेल्या कंपनीचं खोकं असलं तरी आत नक्कल असू शकते. माझा पहिला कंट्रोलर असाच निघाला. पंधरा दिवसांत डावी दांडी न धरता सरकायला लागली आणि माझी नायिका आपली आपण दरीकडे चालायची. याला 'ड्रिफ्ट' म्हणतात. दुकानदाराने "मॅडम, तुम्ही जोरात दाबलं असेल" म्हणून हात वर केले.

पैसे परत मिळण्याचा नियम पाठ करून ठेवा: स्टीमवर विकत घेऊन १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर कारण काहीही असो, पैसे परत मागता येतात. घोटाळा असा, की गेम उघडा असेल तो सगळा वेळ मोजला जातो. एका गेममध्ये मी आधी पात्राचं नाक करण्यात पन्नास मिनिटं घालवली. नाक, हनुवटी, गालाची हाडं, अगदी बुगडी नाही म्हणून हळहळले. मग गेम उघडा ठेवून पोळ्या करायला गेले. परत आले, खेळले, लॅपटॉप धापा टाकायला लागला. परत करायला गेले तर दोन तास पंधरा मिनिटं झालेली. नाक मात्र छान जमलं होतं.

पैसे घालायचेच नसतील तर एपिक गेम्स स्टोअरवर दर आठवड्याला काहीतरी फुकट देतात. खातं उघडून ठेवा, उचलत राहा.

५. मधला पूल निवडा

कँडी क्रशवरून थेट एल्डन रिंगवर उडी म्हणजे दंड-बैठका न काढता कुस्तीच्या फडात उतरणं. मी तेच केलं, तुम्ही करू नका. मध्ये हे घ्या.

सेलेस्ट, २०१८. एक मुलगी डोंगर चढते. उडी, पकड, झेप, एवढंच. एकेका पडद्यावर वीस-तीस वेळा मराल, पण मेल्यावर निमिषात त्याच पडद्याच्या सुरुवातीला उभे. वाट बघणं नाही, मागे फेकणं नाही. यात 'असिस्ट मोड' आहे: गेमचा वेग दहा-दहा टक्क्यांनी उतरवून अर्ध्यापर्यंत आणता येतो, दमणं बंद करता येतं, मरणंसुद्धा बंद करता येतं. आणि गेम त्याबद्दल टोमणा मारत नाही. वुल्फेन्स्टाइनच्या टोपऱ्यापासून इथवर यायला २६ वर्षं लागली.

हेडीस, २०२०. पाताळातून पळून जायचं, मेलात की पुन्हा घरी. यात 'गॉड मोड' सुरू केला की सुरुवातीला २० टक्के इजा कमी होते आणि प्रत्येक मरणानंतर आणखी २ टक्के, ८० टक्क्यांपर्यंत. म्हणजे हरत राहिलात तरी गेम हळूहळू तुमच्या बाजूने झुकतो. मला ही कल्पना फार आवडते. शिवाय मेल्यावरच गोष्ट पुढे सरकते, त्यामुळे मरायला वाईट वाटत नाही.

राजी, २०२०, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. असुरांनी पळवलेल्या भावाला शोधणारी राजी, दुर्गेने दिलेला त्रिशूळ, राजस्थानी धाटणीचे महाल. लढाई कधीकधी अडखळते आणि शेवट ऐन रंगात आवरता घेतलाय, असं माझं मत. पण पाच-सहा तासांत संपतो, आणि कॅमेरा-उडी-वार यांची सवय लावायला बरा आहे. अंगणातली तुळस दिसल्यावर कंट्रोलर बाजूला ठेवून बघत बसले, हेही सांगते.

हॉलो नाइट, २०१७. हा पुलाचं शेवटचं टोक. नव्या भागात शिरलात की नकाशा नसतो. नकाशे विकणारा गुणगुणत कुठेतरी बसलेला असतो, त्याला शोधून विकत घ्यायचा. आधीच्या तिघांपैकी दोन खेळून झाल्याशिवाय याला हात लावू नका.

यांपैकी एक तरी संपवलात की मग एल्डन रिंग. तिथे दोन सापळे सांगून ठेवते. पात्र निवडताना अंगावर धड कपडा नाही आणि हातात सोटा, असा एक गडी दिसेल. नवखे त्याला गंमत म्हणून निवडतात. निवडू नका, ढाल-तलवारवाला किंवा सामुराई घ्या. दुसरं, गुण वाढवायची वेळ आली की सगळे ताकदीवर ओततात. आधी 'व्हिगर' वाढवा, म्हणजे जीव. एका फटक्यात मरत राहिलात तर शिकायला वेळच मिळत नाही.

६. बसण्याची पद्धत

गेम सुरू झाल्याबरोबर सेटिंगमध्ये जा. सबटायटल चालू करा. अक्षरं मोठी करता येत असतील तर करा. कॅमेऱ्याचा वेग कमी करा, नाहीतर पहिल्या अर्ध्या तासात डोकं गरगरतं.

वही यासाठी: कुठे होतो, काय करायचं होतं आणि कशाने मेलो, तीन ओळी. आठवड्याने परत बसलात की या तीन ओळी सोन्याच्या वाटतात. रोज खेळणाऱ्याला गरज नाही, आपल्याला आहे.

एकाच जागी एकाच चुकीने तीनदा मेलात की उठा. पाणी प्या, भांडी घासा. रात्रभर न सुटलेली जागा सकाळी दुसऱ्या फटक्यात सुटते, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता झोप हाही सरावाचा भाग धरते. आणि यूट्यूबवर उत्तर बघायला लाज कसली? फक्त आधी स्वतः दहा वेळा मरा.

७. अनोळखी लोकांबरोबर खेळताना

संघाचे गेम हा वेगळाच प्रांत. व्हॅलोरंट फुकट आहे, मुंबईत त्याचे सर्व्हर आहेत, त्यामुळे पिंग चांगलं मिळतं. पिंग म्हणजे तुमचं बटण सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ. ५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर रडायला कारण नाही. घरच्या वायफायवर कुणी सिनेमा बघत असेल तर ते वाढतं, लॅपटॉपला तार जोडा.

रँकचे सामने, म्हणजे हार-जितीवर तुमचा दर्जा ठरतो ते, तुमचं खातं २० व्या लेव्हलला गेल्याशिवाय खुले होत नाहीत. चांगलं आहे. तोवर साधे सामने खेळा, हरा, कुणाचं नुकसान नाही. रँक सुरू झाली की लोकांची भाषा बदलते. 'नूब' (ढ नवखा), 'बॉट' (डोकं नसलेलं यंत्र) हे तर लाडाचे शब्द. आणि बाईचा आवाज ऐकू आला की काहीजणांना चेवच येतो. एकदा मी फक्त "डावीकडे दोघं" म्हणाले, तर पलीकडून "काकू, भाजी करपली बघा." त्या सामन्यात मी सगळ्यांत जास्त मारले होते, पण ते नंतर दिसतं.

म्यूट आणि रिपोर्ट ही बटणं कुठे आहेत ते पहिल्या सामन्याआधी शोधा. माइक बंद ठेवून नकाशावर खुणा करत खेळता येतं, मी तसंच खेळते. ज्या संघात तीन अनोळखी एकमेकांना शिव्या देत असतील तिथे चौथ्याने समजूत घालायला जाऊ नये.

८. पैशाचे आणि डोक्याचे सापळे

हार्डकोर गेम महाग आणि फोनवरचे फुकट, असं वाटतं. हिशेब उलटा निघू शकतो. कँडी क्रशमध्ये पाच जीव, गेलेला एकेक जीव भरायला ३० मिनिटं. थांबायचं नसेल तर पैसे. प्रत्येक वेळी शे-पन्नास, म्हणून टोचत नाही. मी एकदा वर्षभराची बिलं बेरीज केली आणि तो आकडा नवऱ्याला अजून सांगितलेला नाही. गेन्शिन इम्पॅक्टसारख्या गेममध्ये हवं ते पात्र सोडतीत मिळतं. पाच तारेवालं पात्र जास्तीत जास्त ९० व्या सोडतीला मिळण्याची हमी असते, पण ते तुम्हाला हवं तेच असेल याची नाही. असल्या गेममध्ये पैसे घालायचे तर महिन्याचा आकडा आधी ठरवा आणि वहीत लिहा.

घरात मुलं तुमच्या फोनवर खेळत असतील तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा. आत्ता, हे वाचून झाल्यावर लगेच.

पैसे लावून खेळायची रमी, पत्ते, 'संघ लावा, लाख जिंका' हे सगळं या लेखाच्या बाहेरचं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात असल्या गेमना बंदी आहे आणि ई-स्पोर्ट्सना, म्हणजे गेमच्या स्पर्धांना, वेगळी मान्यता. कुणी "हा पण गेमिंगच" म्हणून लिंक पाठवली तर उघडू नका. 'मॉड एपीके' म्हणून फुकट हिरे-नाणी देणाऱ्या फायलींचंही तेच. खातं जातं ते जातं, त्याच फोनवर तुमचं बँकेचं ॲप असतं.

डोक्याचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, ती यादी २०२२ पासून लागू झाली. त्यात किती तास खेळता याला महत्त्व नाही. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं, असा निकष आहे. म्हणजे सुट्टीत दोन दिवस लागोपाठ खेळलेला पोरगा आजारी नाही, आणि 'फक्त कँडी क्रशच तर खेळते' म्हणणारीने गाफील राहू नये.

९. मध्येच सोडलात तर परत कसं यायचं

मार्चअखेर माझ्या ऑफिसात जीव जातो. दोन-तीन महिने कंट्रोलरला हात लागत नाही, लोकलमध्ये कँडी क्रश तेवढं चालू. परत आल्यावर थेट गेममधल्या बॉससमोर, म्हणजे मोठ्या शत्रूसमोर, जाऊन उभे राहू नका, बोटं सगळं विसरलेली असतात. आधी अर्धा तास सुरुवातीच्या भागात लहानसहान शिपाई मारा. मग वही काढा.

माझ्या वहीत गेल्या मे महिन्याच्या पानावर लिहिलंय: "घोडेस्वार. भाला वर गेला की थांब. खाली निघाला की लोळ, उजवीकडे. दोन वार, तिसरा नको. हाव केली की मेलीस." त्याखाली भाच्याच्या अक्षरात: "आत्या, १४१२ नंतरची लेव्हल सुटत नाहीये, फोन दे."